क्वेरीच्या टॅबांचा पसारा: तुम्ही कसा आवरता?

दिघा_ते_महापे

नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीत मालवाहतुकीच्या एका कंपनीत मी डेटाबेसचं काम पाहते. न्हावाशेव्याहून सुटलेला कंटेनर कुठल्या गोदामात उतरला, कुणाचं बिल अडलंय, कुठल्या गाडीचं भाडं जुळत नाही, असं दिवसभर कुणी ना कुणी विचारत असतं. प्रत्येक प्रश्नाला मी मॅनेजमेंट स्टुडिओत (मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसवर काम करायच्या प्रोग्रॅममध्ये) नवी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, उघडते. कंट्रोल+एन दाबलं की झालं. बंद करताना मात्र ते ‘सेव्ह करायचं का’ विचारतं, मला वाटतं उद्या लागली तर, आणि मी कॅन्सल दाबते. परवा मोजले तर ४३ टॅब होते. सगळ्यांची नावं एसक्यूएलक्वेरी १७, एसक्यूएलक्वेरी ३१ अशी.

या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या म्हणून धागा काढतेय. पहिली बुधवारची. टेस्टवर (चाचणीच्या सर्व्हरवर) चालवायचा अपडेट (डेटा बदलणारी आज्ञा) लिहिला, तो चालवायच्या एफ५ वर बोट ठेवलं आणि सहज खालच्या पट्टीकडे नजर गेली. तिथे प्रॉडक्शनच्या (खऱ्या, चालू कामाच्या) सर्व्हरचं नाव होतं. टॅबवर नाव अर्धं कापलेलं, त्यामुळे वर काहीच कळत नव्हतं. अपडेट चाललं नाही, पण त्यानंतर तासभर मला दुसरं काही सुचलं नाही.

दुसरी गुरुवार रात्रीची. विंडोजच्या अपडेटने मशीन रीस्टार्ट झालं. सकाळी बरेचसे टॅब परत आले, पण ११ नाही आले. त्यातल्या दहांचं दुःख नाही. अकरावी भाड्याच्या ताळमेळाची क्वेरी होती, दोन दिवस खपून लिहिलेली, आणि ती कुठेच सेव्ह केलेली नव्हती.

ती परत मिळेल का? आणि तुम्ही लोक हे सगळं नीट कसं ठेवता? टॅब कमी ठेवा एवढंच सांगू नका, रोजची पद्धत सांगा.

रात्रपाळी

ताई, रचना नंतर, आधी हरवलेलं शोधू. तुमचं मशीन रीस्टार्ट झालं, पण सर्व्हर झाला का? नसेल झाला तर आशा आहे.

क्वेरी एकदा चालली की तिचा प्लॅन (ती कशी चालवायची याची सर्व्हरने केलेली आखणी) सर्व्हरच्या मेमरीत राहतो आणि त्याच्यासोबत तिचा मजकूरही. डीएम_एक्झेक_क्वेरी_स्टॅट्स हा व्ह्यू (टेबलासारखी वापरायची साठवलेली क्वेरी) घ्या, त्याला डीएम_एक्झेक_एसक्यूएल_टेक्स्ट हे फंक्शन क्रॉस अप्लायने जोडा, मजकुरात तुमच्या भाड्याच्या टेबलाचं नाव लाइकने शोधा आणि शेवटच्या वापराच्या वेळेवर उलटं लावा. तुम्ही निवडून चालवलेला पूर्ण बॅच (एकत्र चालवलेल्या ओळी) तसाच्या तसा सापडतो, मधल्या टिपणांसकट. त्यासाठी व्ह्यू सर्व्हर स्टेटची परवानगी लागते, तुमच्याकडे नसेल तर डीबीएकडून (डेटाबेस सांभाळणाऱ्याकडून) चालवून घ्या. आजच करा. मेमरीवर ताण आला की सर्व्हर जुने प्लॅन टाकून देतो.

तिथे नाही मिळालं तर त्या डेटाबेसवर क्वेरी स्टोअर चालू आहे का बघा. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१६ च्या आवृत्तीपासून ती सोय आहे. ते मजकूर डिस्कवर ठेवतं, त्यामुळे सर्व्हर बंद होऊन चालू झाला तरी राहतो. २०२२ च्या आवृत्तीत नव्या डेटाबेसवर ते आपोआप चालू असतं, जुन्यावर कुणीतरी चालू करावं लागतं.

आणि डॉक्युमेंट्समध्ये बॅकअप फाइल्स नावाचं फोल्डर असतं, तेही उघडून बघा. ऑटोरिकव्हर मुळात दर ५ मिनिटांनी प्रत ठेवतं आणि ७ दिवस सांभाळतं. टूल्स, ऑप्शन्स, एन्व्हायर्नमेंट, ऑटोरिकव्हर इथे दोन्ही आकडे बदलता येतात. मी २ मिनिटं आणि ३० दिवस ठेवलेत.

दिघा_ते_महापे

मिळाली! प्लॅनच्या मेमरीतच होती. टेबलाच्या नावाने शोधल्यावर सात प्रती निघाल्या, माझ्याच वेगवेगळ्या दिवसांच्या, त्यातली गुरुवारी दुपारची शेवटची. लगेच सेव्ह केली. रात्रपाळी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. दोन दिवसांचं काम वाचलं.

निळीशाई

वाचून बरं वाटलं. आता टॅबवर नाव कापलं जातं त्याबद्दल.

मुळात टॅबवर फाइलचं नाव, सर्व्हर, डेटाबेस, लॉगिन आणि कंसात सेशनचा नंबर, एवढं सगळं कोंबलेलं असतं. टूल्स, ऑप्शन्स, टेक्स्ट एडिटर, मग ‘एडिटर टॅब अँड स्टेटस बार’ इथे जा. यातला कुठला भाग टॅबवर हवा ते खरं-खोटं करून ठरवता येतं. मी लॉगिन आणि सर्व्हर काढून टाकलेत, फाइल आणि डेटाबेस ठेवलेत. सर्व्हरसाठी नाव वाचण्यापेक्षा रंग बरा. तिथेच खालची पट्टी वर आणायचीही सोय आहे, ती आणाच. नजर क्वेरीच्या पहिल्या ओळीवर असते, पट्टी तिच्या डोक्यावर असली की दिसल्याशिवाय राहत नाही.

रंग असा द्यायचा: कनेक्ट करताना ऑप्शन्स, कनेक्शन प्रॉपर्टीज, यूज कस्टम कलर. पण दर वेळी तिथून देत बसू नका. रजिस्टर्ड सर्व्हर्समध्ये प्रत्येक सर्व्हर एकदा नोंदवून तिथे रंग द्या आणि क्वेरी तिथूनच उघडा. आमच्याकडे, वागळे इस्टेटमध्ये, सहाही जणांच्या मशीनवर एकच ठरलेलं आहे: प्रॉडक्शन लाल, यूएटी (वापरणाऱ्यांच्या चाचणीचा) पिवळा, डेव्हलपमेंट हिरवा. एकाने स्वतःच्या आवडीने निळा लावला होता, तो बदलायला लावला. शेजारच्याच्या खुर्चीत बसून काम करायची वेळ येते तेव्हा रंगाचा अर्थ बदलून चालत नाही.

एक सावधगिरी. उघड्या टॅबमध्ये चेंज कनेक्शन करून टेस्टवरून प्रॉडक्शनवर उडी मारू नका. पट्टीवर जुनाच रंग राहिलेला मी पाहिलाय. सर्व्हर बदलायचा तर नवा टॅब उघडायचा, हा आमचा नियम.

जुनाजाणता

मी क्वेरी ॲनालायझरच्या काळापासून या कामात आहे, म्हणजे २००५ ला मॅनेजमेंट स्टुडिओ आला त्याच्याही आधीपासून. या धाग्यात एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

टॅब म्हणजे वहीचं पान नाही. वहीची ४३ पानं उघडी राहिली तर कुणाचं काही अडत नाही. क्वेरीचा टॅब म्हणजे सर्व्हरशी चालू असलेलं बोलणं. निळीशाई यांनी कंसातला नंबर म्हटला ना, तो त्या बोलण्याचा नंबर. ५२ लिहिलं असेल तर सर्व्हरवर ५२ नंबरचं सेशन तुमच्या नावाने उभं आहे. त्या सेशनची स्वतःची तात्पुरती टेबलं असतात, सेटिंगं असतात, आणि मुख्य म्हणजे अर्धवट सोडलेलं ट्रान्झॅक्शन (एकत्रच कायम किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गट) असू शकतं. टॅब बंद केलात की तात्पुरती टेबलं गेली. टॅब उघडा ठेवलात की अर्धवट ट्रान्झॅक्शन राहिलं, आणि त्याने धरलेली, इतरांना त्या डेटापाशी अडवणारी कुलपंही राहिली.

म्हणून पसारा आवरायला बसाल तेव्हा आधी क्वेरीचा मजकूर वाचू नका. सिस.डीएम_एक्झेक_सेशन्स उघडा, तुमच्या लॉगिनने गाळा आणि ओपन_ट्रान्झॅक्शन_काउंट हा रकाना बघा. शून्यापेक्षा मोठा आकडा असलेला सेशन नंबर घ्या, तोच नंबर कुठल्या टॅबवर आहे ते शोधा आणि त्याचा निकाल आधी लावा. बाकीचे टॅब मग सावकाश.

या कारणासाठी मी टॅबवरून सेशन नंबर कधी दिसेनासा होऊ देत नाही. निळीशाई यांना लॉगिन काढायचं असेल तर काढोत, पण नंबर शोधायची वेळ आली तर निदान खालची किंवा वरची पट्टी तरी वाचायची सवय ठेवा.

आणि ऑप्शन्समध्ये क्वेरी एक्झिक्यूशनखाली एक खूण असते: खिडकी बंद करताना उघडं ट्रान्झॅक्शन तपासायची. ती काढू नका. तिच्या प्रश्नाला घाईत ‘येस’ म्हणू नका, तिथे येस म्हणजे कमिट, बदल कायम.

खाडीपलीकडे

जुनाजाणता काका, पूर्ण अनुमोदन. पण मग दिघा यांच्या बुधवारच्या प्रसंगावर उपाय काय? मी तर सगळ्या ज्युनियरना सांगतो, प्रॉडक्शनवर काही बदलायचं असेल तर पहिली ओळ बिगिन ट्रान (ट्रान्झॅक्शन सुरू करायची आज्ञा), शेवटी कमिट लिहायचंच नाही. किती ओळी बदलल्या तो आकडा वाचा, पटला तर हाताने कमिट, नाही पटला तर रोलबॅक, म्हणजे बदल रद्द. या सवयीने माझे दोन मोठे घोळ टळलेत.

रात्रपाळी

खाडीपलीकडे, तुमची सवय चांगली आहे पण अर्धी आहे, आणि त्या उरलेल्या अर्ध्याचा फटका आम्ही खाल्लाय. आमच्या इथे एकाने अशीच बिगिन ट्रान लावून अपडेट चालवलं, आकडा वाचला, तेवढ्यात फोन आला, आणि तो डबा खायला गेला. टॅब क्रमांक कितीतरी, त्याच्यासारख्याच वीस टॅबांच्या मागे. गोदामातल्या बिलाच्या पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. रीड कमिटेड स्नॅपशॉट (वाचणाऱ्यांना बदलाआधीची प्रत दाखवायची सोय) चालू नसेल तर लिहिणारेच काय, नुसते वाचणारेही कुलपामागे उभे राहतात. ४० मिनिटांनी ब्लॉकिंगची साखळी शोधत आम्ही त्याच्या सेशनपर्यंत पोचलो. बाहेर गाड्या उभ्या होत्या.

म्हणून बिगिन ट्रानचा टॅब उघडला की तो संपेपर्यंत दुसरा टॅब उघडायचा नाही आणि खुर्चीवरून उठायचं नाही. उठायचंच झालं तर रोलबॅक करून उठायचं. परत चालवायला दोन मिनिटं लागतात.

खाडीपलीकडे

मान्य. खुर्चीवरून न उठण्याचा नियम उद्यापासून आमच्याकडेही.

कोपरीकर

मी ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसवाला. आमच्या एसक्यूएल डेव्हलपरमध्ये हेच प्रकरण उलट्या बाजूने चावतं, म्हणून सांगतो. तिथे एकाच कनेक्शनवर चार वर्कशीट (क्वेरीचे टॅब) उघडली तरी सेशन एकच असतं. म्हणजे एका वर्कशीटमध्ये अपडेट करून विचार करत बसलात आणि दुसरीत सहज एफ११ (कमिट) दाबलंत, तर पहिलीतलंही कमिट झालं. नवीन माणसाला हे पटायलाच वेळ लागतो. वेगळं सेशन हवं असेल तर कंट्रोल+शिफ्ट+एन, त्याला अनशेअर्ड वर्कशीट म्हणतात. बदल करायचा तर मी नेहमी त्यातच करतो. आणि हरवलेल्या क्वेरीसाठी एफ८, तिथे आजवर चालवलेल्यांची यादी येते.

घणसोली_पूर्व

डीबीव्हर (अनेक डेटाबेसना चालणारा प्रोग्रॅम) आणि पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांसाठी.

डीबीव्हर स्क्रिप्ट आपणहून वर्कस्पेसमधल्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये फाइल म्हणून ठेवतं, त्यामुळे हरवण्याची भीती कमी. पण त्यामुळेच स्क्रिप्ट-१ पासून स्क्रिप्ट-९० पर्यंत ढीग साचतो. नाव द्यावंच लागतं, त्यातून सुटका नाही. कंट्रोल+ई दाबलं की उघड्या एडिटरांची यादी येते आणि नावाची दोन अक्षरं टाइप करून उडी मारता येते. कनेक्शनला डेव्हलपमेंट, टेस्ट, प्रॉडक्शन असा प्रकार देता येतो. प्रकाराला रंग असतो, शिवाय त्या प्रकारासाठी ऑटोकमिट (आपोआप कमिट होणं) बंद ठेवणं आणि चालवण्याआधी विचारणं हेही तिथेच ठरवता येतं. प्रत्येक एडिटरला स्वतंत्र कनेक्शन द्यायचं की नाही याचंही सेटिंग आहे. कोपरीकर म्हणतात तो घोळ टाळायचा असेल तर ते आधी तपासा.

पीजीॲडमिन या पोस्टग्रेसच्या प्रोग्रॅममध्ये प्रेफरन्सेसमध्ये टॅबच्या शीर्षकाचा साचाच लिहिता येतो. मूळ साच्यात डेटाबेस, मग युजर, मग सर्व्हर असा क्रम आहे. मी सर्व्हर पहिला आणला. सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये पार्श्वभूमीचा रंगही देता येतो.

जुनाजाणता यांनी सांगितलेला रोग पोस्टग्रेसमध्ये ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ या नावाने पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत दिसतो. कुलपं तर धरतोच, वर व्हॅक्यूम या सफाईच्या कामालाही मेलेल्या ओळी साफ करू देत नाही. आवृत्ती ९.६ पासून अशा सेशनला ठरावीक वेळेनंतर तोडून टाकायचं सेटिंग आलंय, आम्ही माणसांच्या लॉगिनांना १० मिनिटं लावलंय. मॅक्स_कनेक्शन्स (एका वेळी किती कनेक्शन चालतील ती मर्यादा) मुळात १०० असतं. आठ जणांनी प्रत्येकी दहा टॅब उघडे ठेवले तर ॲप्लिकेशनसाठी किती उरतात, हिशोब करा.

तीनहातनाका

थोडा वेगळा सूर लावतो. मला टॅब मोजून ठेवणं पटत नाही. पगाराच्या प्रणालीचं काम आहे, महिनाअखेरीला एका चुकीचा माग काढताना माझे ३० टॅब होतात आणि ते हवेच असतात. कुठून निघालो, कुठे वळलो, काय तपासून सोडून दिलं, हे त्यांच्या क्रमातच असतं. मधलेच टॅब बंद केले तर माग तुटतो. मी फक्त पिन वापरतो. मुख्य चार टॅब पिन करायचे आणि ‘पिन केलेले वेगळ्या ओळीत’ हे सेटिंग चालू करायचं. वरची ओळ स्थिर, खालची वाहती. चूक सापडली की खालची सगळी ओळ एकदम बंद.

जुनाजाणता

तीनहातनाका, शेवटी एकदम बंद करता ना? मग तुमचं-माझं भांडण नाही. मी त्या टॅबांबद्दल बोलतोय जे जूनमध्ये उघडले आणि दिवाळीतही आहेत.

फक्त ते ३० टॅब मोठमोठे निकाल धरून बसत असतील तर निकाल पुसा. मॅनेजमेंट स्टुडिओ २० व्या आवृत्तीपर्यंत ३२ बिटांचा होता, लाखो ओळींचे चार-पाच निकाल उघडे राहिले की मेमरी संपल्याची तक्रार करायचा. २१ पासून ६४ बिटांचा झालाय, तरी तुमच्या लॅपटॉपची मेमरी काही वाढलेली नाही.

निळीशाई

नावं कशी द्यायची यावर कुणी लिहिलं नाही, आणि माझ्या मते खरा पसारा तिथेच आहे.

आम्ही सुरुवातीला तारीख पुढे लावायचो. फोल्डरमध्ये सुंदर रांग लागायची, पण टॅबवर आणि कंट्रोल+टॅबच्या यादीत सगळ्यांची सुरुवात सारखीच. वीस टॅब, वीसही ‘२०२५’ ने सुरू. टॅबवर पहिली दहा-बारा अक्षरंच दिसतात, तेव्हा ओळख पटवणारा शब्द पहिला हवा. आता आम्ही विषय, मग तिकीट नंबर (कामाच्या मागणीचा नोंद क्रमांक), मग तारीख असं लावतो. ‘भाडे-ताळमेळ’ हे शब्द पुढे असले की शोधावं लागत नाही.

फाइलच्या पहिल्या तीन ओळी टिपणाच्या: कुणी विचारलं होतं, काय विचारलं होतं, आणि ही टाकायची कधी. तिसरी ओळ सर्वांत उपयोगी. ‘ऑगस्टचं बिलिंग बंद झालं की टाका’ असं लिहिलेली फाइल सप्टेंबरात विचार न करता पुसता येते. टिपणं मराठीत लिहिली तरी चालतात, आम्ही लिहितो. फक्त सेव्हच्या बटणाजवळच्या बाणातून ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ घेऊन यूटीएफ-८ निवडा, नाहीतर पुढच्या वेळी देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं. आणि क्वेरीतच मराठी मजकूर शोधायचा असेल तर अवतरणाच्या आधी मोठा एन लावायला विसरू नका. ‘ठाणे’ शोधताना तो एन नसला की चार प्रश्नचिन्हं शोधली जातात आणि एकही ओळ मिळत नाही. आमच्या नव्या मुलीचा एक अख्खा दिवस त्यात गेला होता.

जी क्वेरी तिसऱ्यांदा चालवली ती टॅबमध्ये राहायच्या लायकीची नाही. तिचा व्ह्यू करा, प्रोसिजर करा, रिपोर्टमध्ये घाला, निदान गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीत) टाका. दिघा, तुमच्या ताळमेळाच्या सात प्रती निघाल्या म्हणालात. तिसरीनंतर ती सगळ्यांची व्हायला हवी होती.

सानपाडा_रिटर्न

वाचनखूण साठवली. एक भर: प्रॉडक्शनला रोजच्या बघण्यासाठी फक्त वाचायची परवानगी असलेलं वेगळं लॉगिन मागून घ्या. माझे टॅब बहुतेक त्याच लॉगिनचे असतात. त्यातून चुकून अपडेट दाबलं तर सर्व्हर नकार देतो. लिहायचं लॉगिन वेगळं, ते कामापुरतं उघडायचं. रंग चुकू शकतो, परवानगी चुकत नाही.

खाडीपलीकडे

+१. हे सगळ्यात वर असायला हवं होतं.

दिघा_ते_महापे

दोन आठवड्यांनी लिहितेय. काय काय झालं ते सांगते, सल्ला दिलेल्यांना कळायला हवं.

आधी जुनाजाणता काकांनी सांगितलेला रकाना बघितला. माझ्या नावावर एक उघडं ट्रान्झॅक्शन निघालं, नऊ दिवसांपूर्वीचं, टेस्टवर. आमचे टेस्टर आठवडाभर तक्रार करत होते की एक पडदा उघडतच नाही, आणि सगळे नेटवर्ककडे बोट दाखवत होते. रोलबॅक केल्यावर तो पडदा लगेच उघडला. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन कारण सांगितलं.

शनिवारी अर्धा दिवस बसून सगळे टॅब एकेक करून पाहिले. २६ पुसले. ९ ना नावं आणि तीन ओळी दिल्या. त्यातल्या चार क्वेऱ्या आम्ही तिघंही वेगवेगळ्या लिहीत होतो असं कळलं, आणि तिघांचे आकडे थोडे वेगळे येत होते, कारण मी रद्द झालेल्या फेऱ्या वगळत होते आणि बाकीचे दोघं नाही. आता एकच व्ह्यू आहे.

वाचण्यापुरतं लॉगिन मागितलं, ते मंजूर व्हायला चार दिवस लागले, पण मिळालं. पट्टी वर आणली. प्रॉडक्शन लाल.

रोज संध्याकाळी निघायच्या आधी दहा मिनिटं टॅबांना देते. त्यापायी एक लोकल सुटते, पुढची पकडते. काल निघताना सहा टॅब होते, सहाही नावाचे. एक अडचण उरलीय: तात्पुरत्या टेबलांवर चालणाऱ्या लांब तपासणीचा टॅब रात्री बंद केला की सकाळी सगळं पुन्हा भरायला वीस मिनिटं जातात. त्यावर काय करता?

जुनाजाणता

एक वेगळा स्क्रॅच (कच्च्या कामाचा) डेटाबेस मागून घ्या आणि तिथे खरी टेबलं करा, नावापुढे तुमची अक्षरं आणि तारीख. टॅब बंद झाला तरी टेबल राहतं. सात दिवसांपेक्षा जुनी टेबलं रात्री आपोआप पुसणारा जॉब लावायला सांगा. आमच्याकडचा जॉब कसा लिहिलाय ते उद्या इथेच टाकतो.